फुजियान, बॉयलर आणि अणुभट्टी : ‘जुना दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना दर्यावर्दी’ यांस,

चिनी विमानवाहू नौकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं आहे की फुजियान (चीनची तिसरी विमानवाहू नौका) म्हणजे “जुन्या बॉयलरवर बसवलेलं नवं खेळणं”. अणुभट्टी नसताना विद्युतचुंबकीय कॅटापल्ट (विजेच्या जोरावर डेकवरून विमान फेकणारी यंत्रणा) चालतोच कसा, हे मी विचारलंही नाही, असा तुमचा आक्षेप. दालियनच्या गोदीतून अणुऊर्जेवरची नौका बाहेर पडली की चीन अमेरिकेच्या बरोबरीला आलाच, असं तुमचं भाकीत. आणि जाता जाता टोला : “कधी इंजिनरूममध्ये उतरला आहात का?” नाही उतरलो. तुमचा जन्म मर्चंट नेव्हीत बॉयलरसमोर गेला आहे, तेव्हा तुमच्याशी आकड्यांतच बोललेलं बरं.

आधी कॅटापल्ट. अमेरिकेच्या फोर्ड नौकेवरची यंत्रणा एका उड्डाणासाठी जास्तीत जास्त १२२ मेगाजूल ऊर्जा देते. ती काही त्या दोन-तीन सेकंदांत थेट जनरेटरमधून ओढली जात नाही. गरगर फिरणाऱ्या रोटरमध्ये ती आधीच साठवून ठेवतात आणि साठा पुन्हा भरायला साधारण ४५ सेकंद लागतात. भागाकार करा, २.७ मेगावॅट येतात. वाया जाणारी ऊर्जा, कूलिंग, सगळं सढळ हाताने धरून सहा-साडेसहा म्हणू. फुजियानचे तिन्ही कॅटापल्ट एकाच वेळी चालवले तरी वीस मेगावॅटच्या आसपास. ब्रिटनच्या क्वीन एलिझाबेथवर रोल्स-रॉइसचा एकच गॅस टर्बाइन ३६ मेगावॅट देतो, आणि तसे दोन आहेत. तिच्यावर अणुभट्टी नाही.

म्हणजे खरी गोम होती ती वीज साठवण्यात, क्षणात सोडण्यात, आणि त्या झटक्याने जहाजावरचे रडार आणि पंप कोलमडू न देण्यात. या कामामागे वुहानच्या नौदल अभियांत्रिकी विद्यापीठातले मा वेईमिंग यांचं नाव घेतलं जातं. मध्यम व्होल्टेजच्या डीसी वीजव्यवस्थेवर त्यांच्या चमूने बरीच वर्षं घालवली. २२ सप्टेंबर २०२५ रोजी चीनने चित्रफीत दाखवली : जे-१५टी, जे-३५ आणि रडारची थाळी डोक्यावर घेतलेलं केजे-६००, तिन्ही विमानं फुजियानवरून कॅटापल्टने उडाली. ५ नोव्हेंबरला सान्या इथे ती नौदलात दाखल झाली. केजे-६०० हे बऱ्यापैकी जड, दोन पंख्यांचं विमान आहे. लिआओनिंग आणि शांदोंग या चीनच्या आधीच्या दोन नौकांच्या स्की-जम्पवरून (डेकच्या वर वळलेल्या टोकावरून) ते उडवता येत नाही. एवढं झाल्यावर ‘खेळणं’ हा शब्द मला पटत नाही. सिचुआन नावाची चीनची नवी उभयचर (किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी) युद्धनौका तर विमानवाहू नौकेच्या निम्म्या आकाराची, तिच्यावरही हाच कॅटापल्ट आहे आणि तिथेही अणुभट्टी नाही.

बॉयलरच्या बाबतीत मात्र तुमच्या म्हणण्यात वजन आहे. लिआओनिंग म्हणजे सोव्हिएत काळातली वार्याग. युक्रेनच्या निकोलायेव्हमध्ये अर्धवट पडून राहिलेली ही नौका १९९८ मध्ये २ कोटी डॉलरला, तरंगता कॅसिनो करायचा म्हणून विकत घेतली गेली आणि २००२ मध्ये ओढत दालियनला आणली. आठ बॉयलर, चार बाष्प टर्बाइन, दोन लाख अश्वशक्ती. तिची सख्खी बहीण रशियाची कुझनेत्सोव्ह. २०१६ मध्ये सीरियाकडे जाताना इंग्लिश खाडीत तिने सोडलेला काळा धूर जगाने पाहिला. सोबतीला टग (ओढून नेणारी बोट) असायचा, न जाणो रस्त्यातच बंद पडली तर! आपल्या विक्रमादित्यचंही २०१२ मध्ये चाचण्यांवेळी हेच झालं. पूर्ण वेगाला नेल्यावर बॉयलरमागून बॉयलर बंद पडले. ॲस्बेस्टॉस नको असं भारताने सांगितल्यामुळे आतल्या भिंतींना नुसत्या फायरब्रिक (भट्टीच्या विटा) लावल्या होत्या, त्यांनी ताप सोसला नाही, असं रशियन बाजूने सांगितलं. नौका मिळायला आणखी वर्ष गेलं. याच घराण्यातले बॉयलर चीन २०१२ पासून लिआओनिंगवर चालवतो आहे, त्यांचीच पुढची पिढी शांदोंगवर बसवली, आणि टग घेऊन फिरायची वेळ काही त्यांच्यावर आलेली दिसली नाही. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

आता अणुभट्टी. चीनकडे १९७० च्या दशकापासून अणुपाणबुड्या आहेत, मग त्यातलीच भट्टी उचलून जहाजात बसवायची, त्यात काय मोठं, असा तुमच्या प्रतिक्रियेचा सूर आहे. फ्रान्सने नेमकं हेच केलं. शार्ल द गॉलवर पाणबुडीसाठी तयार केलेल्या के-१५ जातीच्या दोन भट्ट्या आहेत, प्रत्येकी १५० मेगावॅट उष्णतेच्या. त्यातून जहाज ढकलणाऱ्या पंख्यांपर्यंत पोचते सुमारे ८३ हजार अश्वशक्ती. परिणाम असा की ४२ हजार टनांची ही नौका २७ नॉटच्या (ताशी २७ सागरी मैलांच्या) पुढे जात नाही, तर तिच्या आधीची, तेलावर चालणारी क्लेमान्सो ३२ नॉटने पळायची. अणुऊर्जा आली आणि वेग घटला! विमानवाहू नौकेला वेग हवा असतो तो मिरवायला नाही. डेकवरून वारा वाहता ठेवायचा असतो. पडलेल्या वाऱ्यात पाच नॉट कमी म्हणजे विमानावर तेवढे बॉम्ब किंवा तेवढं इंधन कमी.

हाच हिशेब ८० हजार टनांच्या वरच्या नौकेला लावा. लिआओनिंगइतकी ताकद पंख्यांना द्यायची तर सातशे मेगावॅटच्या वर उष्णता लागते. पाणबुडीच्या भट्ट्या वापरायच्या तर पाच तरी लागतील. अमेरिकेने १९६१ मध्ये एंटरप्राइजवर आठ बसवल्या, आणि त्या आठ भट्ट्या सांभाळणं किती जिकिरीचं आहे हे कळल्यावर पुढच्या निमित्झ वर्गाच्या नौकांसाठी दोनच पण दांडग्या भट्ट्या नव्याने आखल्या. एंटरप्राइजच्या भट्टीचा नमुनाही आधी आयडाहोच्या माळावर चालवून पाहिला होता. म्हणून मला दालियनच्या उपग्रहचित्रांपेक्षा सिचुआन प्रांतातलं लशान महत्त्वाचं वाटतं. तिथल्या डोंगराळ भागात मोठ्या युद्धनौकेसाठीच्या भट्टीचा जमिनीवरचा नमुना उभा राहतो आहे, असं कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेच्या अभ्यासकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवून दिलं. उपग्रहचित्रांच्या जोडीला त्यांनी चिनी निविदा आणि पर्यावरणविषयक कागदपत्रंही चाळली होती. चीन पाणबुडीच्या भट्टीवर भागवत नाही, हे यातून कळतं. आणि जमिनीवरच्या नमुन्याला, त्याच्या चाचण्यांना, त्यावर माणसं तयार करायला वर्षं लागतात, हेही.

अणुऊर्जेने मिळतं काय? धुराडं आणि त्याचे जाडजूड मार्ग जातात, त्यामुळे डेकवरचा मनोरा लहान करून सोयीच्या जागी सरकवता येतो. जहाजाच्या स्वतःच्या तेलाची जागा विमानांच्या इंधनाला मिळते. पूर्ण वेगाने कितीही दिवस जाता येतं. हे फायदे खरे आहेत, पण फुकट नाहीत. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९८ मध्ये हिशेब मांडला होता : तेलावरच्या नौकेचा जन्मभराचा खर्च १४.१ अब्ज डॉलर, अणुनौकेचा २२.२ अब्ज. कामगिरीतला फरक मात्र त्या मानाने किरकोळ. आणि मधल्या वयात भट्टीत नवं इंधन भरायला जी गोदी गाठावी लागते, तिथे अमेरिकेची जॉर्ज वॉशिंग्टन नौका २०१७ ला गेली ती २०२३ ला बाहेर आली. चार वर्षांचं काम जवळजवळ सहावर गेलं. ज्याच्याकडे अकरा नौका आहेत त्याला हे परवडतं. तीनवाल्याला एक नौका सहा वर्षं गोदीत म्हणजे तिसरा हिस्सा गायब.

शिवाय विमानवाहू नौका एकटी फिरत नाही. टाइप ०५५ विनाशिका गॅस टर्बाइनवर चालतात, त्यांना तेल लागतंच. अमेरिकेनेही आपल्या अणुक्रूझर १९९० च्या दशकात मोडीत काढल्या. विमानांना इंधन लागतं, बॉम्ब लागतात, माणसांना भात लागतो. जून २०२५ मध्ये लिआओनिंग पहिल्यांदाच दुसऱ्या बेटमालिकेच्या (जपानपासून ग्वामकडे जाणाऱ्या बेटांच्या रांगेच्या) पलीकडे, जपानच्या मिनामितोरी बेटाजवळ दिसली. तिथवर जायला अणुभट्टी लागली नाही, वाटेत तेल पाजणारं जहाज मात्र लागतं. वेगवान विमानवाहू ताफ्याबरोबर धावतील अशा टाइप ९०१ पुरवठा नौका चीनकडे आजवर दोनच उघड दिसल्या आहेत, हुलुनहू आणि चागानहू. तिसरी-चौथी कधी पाण्यात पडते, यावर माझं लक्ष आहे. तैवानभोवतीच्या लढाईचं काम तेलावरच्या नौकेने भागतं, किनारा पाठीशी आहे. हिंदी महासागरात ठाण मांडायचं तर पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीसारखे तळ आणि पुरवठा नौका आधी हव्यात, भट्टी नंतर.

म्हणून माझा अंदाज तोच आहे जो मूळ लेखात होता : दालियनला अणुनौका होईल, आणि तिच्याबरोबर शांघायच्या जियांगनान गोदीत फुजियानची सुधारलेली, तेलावरचीच बहीणही उभी राहील. पहिल्या अणुनौकेची पहिली काही वर्षं खलाशी घडवण्यातच जातील.

राहता राहिली तुमची शेवटची ओळ, “आणि आपण अजून गॅस टर्बाइनच फिरवतोय”. विक्रांतवर चार एलएम-२५०० गॅस टर्बाइन आहेत हे खरं. पण आपल्याकडे जहाजात बसवलेली अणुभट्टी म्हणजे अरिहंतवरची ८३ मेगावॅट उष्णतेची, तुर्भ्याच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) घडवलेली. ती फ्रेंच के-१५ च्या जेमतेम निम्मी. तिच्यावर विमानवाहू नौका चालवायची तर आधी वरचा शार्ल द गॉलचा परिच्छेद पुन्हा वाचा, आणि मग किती भट्ट्या लागतील ते तुम्हीच सांगा.

एक विनंती. फायरब्रिक ढासळल्यावर चालत्या जहाजावर नेमकं काय करावं लागतं, हे तुमच्यासारख्याने लिहिलं तर मला आणि इथल्या वाचकांना हवं आहे. दोन-तीन परिच्छेद प्रतिक्रियेतच टाका, मी वर चिकटवतो.