सोलर नंतर, आधी गच्ची बघा

जुन्या घराचं वीजबिल कमी करायचं ठरलं की पुण्यात पहिला फोन सोलरवाल्याला जातो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, शेजाऱ्यांनी बसवलंय, मग थांबायचं कशाला? माझं म्हणणं, एक उन्हाळा थांबा. कारण पॅनेलचा सांगाडा एकदा उभा राहिला की खालचं वॉटरप्रूफिंग करायला तो पुन्हा उतरवावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

सहकारनगर, कोथरूड, गोखलेनगरातली, पानशेतच्या पुरानंतर बांधलेली घरं बघा. डोक्यावर चार-पाच इंची स्लॅब, त्यावर काळवंडलेला कोबा. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खोलीत सोडायला लागतो. एप्रिलच्या पहाटे बाहेर पारा विशीच्या आसपास उतरतो, पण वरच्या मजल्यावरचा पंखा छताची धगच अंगावर ढकलत असतो. मग एसी घेतला जातो आणि तो रात्रभर स्लॅबशी झुंजत बसतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऊन परतवणारा पांढरा चुना. पण तो नीट मारणारे कमी. होळीच्या आसपास गच्ची तारेच्या ब्रशने घासून गेल्या पावसाळ्याचं शेवाळ काढा, भेगा बुजवा. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये रात्रभर विरवा. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही; उकळून अंगावर उडतं. हातमोजे आणि गॉगल हवेतच. दुसऱ्या दिवशी जुन्या सुती साडीतून गाळा आणि १० किलो चुन्याला साधारण १ किलो डीडीएल (चुना धरून ठेवणारा डिंक) घाला. ताकाइतका पातळ करून, संध्याकाळी, ओल्या केलेल्या कोब्यावर दोन-तीन हात. भर उन्हात तापलेल्या कोब्यावर मारला तर दुसऱ्या दिवशी तळपायाला पिठासारखा लागतो. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात आणि जूनच्या पहिल्या सरीत पावसाळी पाइपच्या तोंडाशी अडकून गच्चीचं तळं करतात. दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, हे मान्य.

कायमचं हवं असेल तर पांढरं चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी. मात्र जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नका. चार इंची ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो भरतं. पन्नास वर्षांच्या स्लॅबवर ते टाकायला निघालेल्या कंत्राटदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आणि संध्याकाळी गच्चीवर पाइपने पाणी मारणं बंद करा! टँकरचं पाणी स्लॅबला पाजून गळती तेवढी वाढते.

पश्चिमेच्या खिडकीला बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चिक, काचेच्या बाहेरून लावा. आतल्या जाड पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं. रात्री खिडक्या सताड उघड्या, सकाळी नऊच्या आत बंद. जाळी बसवा, नाहीतर डासांमुळे हे दोन दिवसही टिकत नाही.

मग पंखे. जुना ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, चार पंख्यांचे ८०. पुण्यात १ किलोवॉट सोलर महिन्याला सरासरी १२० युनिटच्या आसपास देतं, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. म्हणजे पंखे बदलल्यावर ३ ऐवजी २ किलोवॉट पुरतंय का, हा हिशोब मांडता येतो. पंखा लावताना भिंतीतला जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा. इलेक्ट्रिशियन तो राहू देतात, पंखा घुंई करतो, सर्किट जळतं आणि नाव बीएलडीसीचं खराब होतं.

एवढं झालं की सोलर खुशाल बसवा, फक्त कोब्यात बोल्ट ठोकू देऊ नका. काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा उभा राहतो. वाऱ्याचा आणि स्लॅबवरच्या भाराचा हिशोब मात्र कागदावर मागून घ्या.

'आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, कितवं वर्ष?