संगणक कुणाचा मिंधा नसतो म्हणे!

डिसेंबर आला की अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘प्लेऑफचे, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, संघ ठरवणारी १३ जणांची समिती बरखास्त करा, क्रमवारी संगणकाला लावू द्या. तो पक्षपात करत नाही, चुकत नाही. तो असता तर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघावर अन्याय झाला नसता.’

समितीवरचा राग मला समजतो. पण हा उपाय १९९८ ते २०१३ या काळात अर्धामुर्धा करून झालाय, हे लोक विसरतात. तेव्हाच्या ‘बीसीएस’ पद्धतीत पत्रकार-प्रशिक्षकांची दोन मतदानं आणि संगणकी सूत्रं यांची बेरीज करून अंतिम सामन्याचे दोन संघ निघत.

२००३ चंच बघा. ओक्लाहोमा आपल्या कॉन्फरन्सच्या (संघांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा सडकून हरला, तरी बेरजेत पहिला राहिला. दोन्ही मतदानांत पहिला असलेला यूएससी तिसरा, म्हणजे बाहेर! शेवटी बीसीएसच्या अंतिम सामन्यात एलएसयूने ओक्लाहोमाला हरवलं, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या मतदानात यूएससीला विजेता ठरवलं आणि एका हंगामाला दोन विजेते मिळाले. संगणकांनी लबाडी केली का? छे. किती गुणांनी जिंकलात-हरलात हे बघायचंच नाही, अशी ताकीद त्यांना वर्षभर आधीच दिली होती. त्यांच्या लेखी ३५-७ काय नि ८-७ काय, हार ती हार. ती ताकीद देणारी माणसंच होती.

‘चुकत नाही’ हेही खोटं. २०१० च्या शेवटच्या यादीत एलएसयू दहावा आणि बॉइझी स्टेट अकरावा लागला. खरा क्रम उलटा होता. सहा सूत्रांपैकी एकात खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचाच राहिला होता. चूक सापडली, कारण तेवढं एकच सूत्र पूर्णपणे जाहीर होतं. उरलेल्या पाचांची बेरीज बाहेर कोण तपासणार?

आता फ्लोरिडा स्टेट. १३ सामने, १३ विजय, पण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला. समितीने १२-१ वाल्या अलाबामाला प्लेऑफची चौथी, म्हणजे तेव्हाची शेवटची जागा दिली. संगणकाने वाचवलं असतं? कोणत्या संगणकाने? झालेले विजय मोजणारं सूत्र त्यांना वर ठेवेल. उद्या कोण जिंकेल याचा अंदाज बांधणारं सूत्र समितीचीच री ओढेल. ‘पात्र’ संघ हवा की ‘बलवान’, हे आधी माणसांनी ठरवायचं असतं.

फ्लोरिडा स्टेटचा नंतरचा जॉर्जियाविरुद्धचा ६३-३ हा पराभव समितीच्या बाजूने पुढे करू नका. कित्येक मोठे खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. आणि २०१४ मध्ये ओहायो स्टेट तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला घेऊन थेट विजेतेपदापर्यंत गेला होता.

राहता राहिला आयपीएलसारखा सरळ गुणतक्ता. १३० हून जास्त संघ, प्रत्येकाला साखळीचे जेमतेम १२ सामने. बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही.

समिती निर्दोष नाहीच. त्याच २०१४ मध्ये टीसीयू मंगळवारी तिसरा होता, शनिवारी आयोवा स्टेटवर ५५-३ ने जिंकला आणि रविवारी सहावा, म्हणजे बाहेर झाला. भांडायचंच असेल तर यावर भांडा: कशाला किती वजन, हे हंगामाआधी लिहून द्या म्हणावं.