मंगळवारी पंखे

घर स्वच्छ ठेवायचं टाइमटेबल जो कोणी बनवतो, त्याच्या बैठकीच्या खोलीत कापूस नसतो. एवढं मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

मोबाइलवर असली टाइमटेबलं ढिगानं येतात. सोमवारी बाथरूम, मंगळवारी पंखे, बुधवारी फ्रीज, गुरुवारी खिडक्या, शुक्रवारी चादरी, शनिवारी कपाटं आणि रविवारी ‘स्वतःसाठी वेळ’. रोज फक्त वीस मिनिटं द्या, घर आरशासारखं. खास नोकरी करणाऱ्या बायांसाठी. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सकाळी सगळ्यांचे डबे करून काळीपिवळी गाठायची. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. संध्याकाळी रोख जुळली की परत काळीपिवळी. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. अशा बाईला कोणी वीस मिनिटांत आरसा देत असेल तर ती नाही कशी म्हणणार? मुलाच्या वहीचं पान फाडून मी टाइमटेबल उतरवलं आणि फ्रीजवर चिकटवलं.

सासूबाईंनी चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण घरात आलेला कोणताही कागद त्या वाचल्याशिवाय सोडत नाहीत, मग ते बियाण्याच्या पाकिटाचं का असेना.

“मंगळवारी पंखे?” त्या म्हणाल्या. “अन् मंगळवारी पंख्याले धूळ नसली तं?”

“तरी पुसायचे, आई.”

“अन् बुधवारी आली तं?”

“मग पुढच्या मंगळवारी.”

त्यांनी चष्मा काढला. “नोकरीवाल्यायचं बरं असते बापा. धूळही वार पाहून येते.”

तर कापूस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा झाली, वेचणी लागली की गाठोडी घरी यायला लागतात आणि थेट बैठकीत रिकामी होतात. आधी दिवाणाच्या उंचीपर्यंत, मग खिडकीच्या चौकटीपर्यंत, मग टीव्हीच्या खालच्या काठापर्यंत. त्याच्यावर मात्र जाऊ देत नाहीत, कारण टीव्हीवर भाव पाहायचे असतात. पाहुणा आला तर तो दारातच चपला काढतो, आत नजर टाकतो, “यंदा बरा झाला म्हणायचा,” म्हणतो आणि ओसरीवरच बसतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याच्या घरी तर पलंगही दिसेनासा झालेला असतो.

विकून का टाकत नाही, असं शहरातली माझी बहीण दर फोनला विचारते. तिला 2022 माहीत नाही. म्हणजे तिच्या आयुष्यात ते साल येऊन गेलं, पण कापसाचं नाही. आम्ही दिवाळी झाल्याझाल्या कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत घालून मोकळे झालो होतो आणि नवीन वर्ष उजाडल्यावर भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तो आकडा आमच्या यांच्या डोक्यात जो ठाण मांडून बसला तो अजून उठायला तयार नाही. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये होता. दारात गाडी घेऊन येणारा व्यापारी त्याच्याहून बराच खाली बोलत होता. हमीभावाच्या केंद्रावर न्यावा तर कापसात बारा टक्क्यांच्या वर ओल चालत नाही. म्हणून तो आधी अंगणात पसरून वाळवायचा. वाळवला की वारा येतो. वारा आला की अर्धा कापूस परत घरात, फक्त आता तो ढिगात नसतो, सगळीकडं असतो.

त्यात सरकारनं 2025 च्या ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क काढलं, ते 31 डिसेंबरपर्यंत. ही बातमी ऐकल्यावर यांनी हिशेब मांडला, की शुल्क पुन्हा लागलं की जानेवारीत भाव उठणार. थोडक्यात, माझी बैठक कधी झाडायची हे दिल्लीत ठरत होतं.

तरी मी हट्टाला पेटून एका मंगळवारी पंखा पुसायला घेतलाच. पंखा बैठकीतला. स्टूल कापसात ठेवलं तर त्याचा एक पाय आत गेला, मग दुसरा. शेवटी ढिगावरच उभी राहिले, गुडघ्यापर्यंत कापसात. पात्यांवर कापसाच्या तंतूंची मऊ, राखाडी लव चढली होती. ओलं फडकं फिरवलं तर ती निघेना, गोळा होऊन पात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जायला लागली. तिन्ही पाती कशीबशी लख्ख केली. खाली उतरून फरशीच्या उरलेल्या पट्टीवर पोछा मारला, तर ओल्या पोछ्याला इतके धागे लागले, की तो पुसायचं सोडून वाती वळायला लागला. मग पुसलेला पंखा कसा दिसतो म्हणून मुलानं बटण दाबलं.

पुढं काय झालं ते कापूसवाल्या घरातल्या माणसाला सांगायची गरज नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, वरणाचं गंज, मुलाची गणिताची वही, सगळ्यांवर सारखाच प्रसाद. सासूबाईंनी शांतपणे पोछ्यावरचा, ताटावरचा, पदरावरचा कापूस वेचला, त्यातल्या सरक्या काढल्या आणि खरोखरच्या वाती वळून ठेवल्या. “हे बरं केलं वं तू,” म्हणाल्या. “पुढच्या मंगळवारीही पूस.”

कापूस घरात जास्त दिवस राहिला की अंगाला खाज सुटते. हे एक बरं आहे, की ती सगळ्या तालुक्याला एकाच वेळी सुटते. काउंटरच्या अलीकडून मी मान खाजवत नोटा मोजते, पलीकडून खातेदार दंड खाजवत स्लिप भरतो. “घरातच आहे का अजून, मॅडम?” एवढंच तो विचारतो. त्यावर पाच मिनिटं भावाची चर्चा होते. आमच्या शाखेत कर्जाच्या हप्त्याविषयी इतक्या आपुलकीनं कोणी बोलत नाही.

सोमवारच्या बाथरूमची कथा वेगळी. आमचं गाव दर्यापूरच्या बाजूचं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा जिल्ह्यांत पसरला आहे आणि जमिनीखालचं पाणी खारं. हापशीच्या पाण्यानं बादली धुतली की वाळल्यावर ती जास्त मळकी दिसते. नळाच्या तोटीवर, टाइल्सवर, स्टीलच्या पेल्यांवर पांढरा थर बसतो. टाइमटेबलाखाली टीप होती: ‘डाग पडताच लगेच पाण्यानं धुवा.’ बाई गं, पाण्याचाच तर डाग आहे! नळाचं पाणी गोड येतं, पण त्याला वार कळत नाही. कधी पहाटे येतं, कधी मध्यरात्री, मध्येच दोन-तीन दिवस बेपत्ता. “नळ आला वं!” अशी हाक गल्लीच्या तोंडाशी उठली की जगातलं कोणतंही टाइमटेबल आपोआप रद्द. सगळं घर गुंड, बादल्या, ड्रम घेऊन धावतं. टोपणं, पातेली, मुलाची वॉटरबॅग, जे हाताला लागेल ते भरायचं. त्या गडबडीत अंगणात जो चिखल होतो तो कोणत्या वारी पुसायचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आणि आमचा चिखल काही साधा नाही. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. तिच्यावर उभं असलेलं घरही तिच्याबरोबर श्वास घेतं. उन्हाळ्यात फरशा एकमेकींपासून बोटभर दूर जातात, पावसाळ्यात एखादी वर उचलली जाते. त्या फटींत काय काय साठतं ते मी खराट्याच्या काडीनं काढते: हरभऱ्याचं टरफल, सोयाबीनचं कुटार, पावसाळ्यात मेलेले वाणी किडे, आणि एकदा तर माझ्या हरवलेल्या कानातल्याची फिरकी. आता थंडीत हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हे मोटर चालू करायला जातात आणि पहाटे परततात, प्रत्येक पायाला पसाभर वावर घेऊन. मी झोपण्याआधी पुसलेल्या फरशीवर मोरीपासून पलंगापर्यंत पावलं उमटलेली असतात. लक्ष्मीची असती तर मी हात जोडले असते.

मध्ये कार्यालयातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की केंद्र सरकारनं 2019 मध्ये वेळ कुठं जातो याचं सर्वेक्षण केलं होतं. घरकाम करणाऱ्या बाया तेव्हा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. मी हा आकडा रात्री जेवताना वाढला. हे भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले.

“म्हणजे मी काहीच करत नाही? कुलरमधी पाणी कोण टाकते?”

“सर्वेक्षण बारा महिन्यांचं होतं. कुलर मेमध्ये असतो.”

“अन् कापूस कोण आणते घरात?”

याला मात्र उत्तर नव्हतं. कापूस तेच आणतात.

झाडण्याचं म्हणाल तर आम्हा अमरावतीकरांना त्याची परंपरा मोठी आहे. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. पुढं 2000 साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, तेव्हा गावोगाव नाल्या उपसल्या, भिंती रंगवल्या. सासूबाईंना ते अभियान लख्ख आठवतं. त्यांच्या मते गाव झाडणं सोपं. गावात कापूस नाही ठेवत.

त्यांचं स्वतःचं वेळापत्रक आहे, ते कुठं चिकटवलेलं नाही. पोळ्याआधी भिंती, घटाआधी देव्हारा आणि डबे, दिवाळीआधी सगळं घर खालीवर, होळीनंतर गोधड्या, आखजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, माठाची जागा. आणि कापसाच्या महिन्यांत? “त्यात का झाडतेत?” त्या म्हणाल्या. “त्यात भाव पाह्यतेत.” मला यात आळस दिसत होता. पण पंख्याच्या प्रकरणानंतर माझी बोलायची सोय राहिली नव्हती.

जानेवारी लागला. शुल्क पुन्हा लागलं. दारात व्यापाऱ्याची गाडी आली. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून पिंजला, नाकाशी नेला आणि भाव सांगितला. यांनी मान हलवली, म्हणजे नाही. तो थोडा वर आला. हे मात्र आणखी दोनशेवर अडून बसले. मी काळीपिवळी चुकवून दारात उभी. ढिगाच्या कडेनं गेल्या आठवड्यात हरवलेला रिमोट डोकावत होता. मला राहवलं नाही.

“अहो, देऊन टाका. ते वरचे दोनशे मी देते. माझ्या पगारातून. पण आज बैठक मोकळी करा.”

व्यापाऱ्यानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. सासूबाईंनी वाती वळायच्या थांबवल्या. इतके महिने टीव्हीतल्या भावाशिवाय कशाकडं न पाहिलेले हे पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळले.

“दोनशेच?” म्हणाले. “अजून थोडं पाह्य ना.”