बारावीतून शेक्सपिअर काढा म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बारावीला ब्रिटिश लिटरेचर म्हणजे मुलांचं वर्ष वाया. भाषा ‘ओल्ड इंग्लिश’, ती कुणाला कळत नाही. गोष्ट समजायला एआयचा सारांश पुरे. आजच्या मुलांशी याचा काही संबंध नाही. आणि वर हे सगळं साम्राज्य चालवणाऱ्या गोऱ्या पुरुषांचं कौतुक. मी इथल्या हायस्कूलमध्ये सीनियर्सना हाच विषय शिकवते. मेसेजमधला एकही मुद्दा मला पटत नाही, आणि पहिला तर साफ चुकीचा आहे.

ओल्ड इंग्लिश ही ‘बेवुल्फ’ची भाषा. ते काव्य शाळांत अनुवादातूनच वाचतात. शेक्सपिअर त्यानंतर कित्येक शतकांनी आला. ‘मॅकबेथ’ साधारण 1606 चं. काही शब्द अडतात हे खरं, त्यासाठी पानावर टिपा असतात. पण दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढून बघा. मॅकबेथ झोपलेल्या राजाचा खून करून आलाय, रक्ताने माखलेले खंजीर अजून हातातच आहेत. आवाज ऐकलास का, तो विचारतो. तूच काही बोललास ना, बायको उलट विचारते. ‘व्हेन?’ ‘नाऊ.’ ‘ॲज आय डिसेंडेड?’ आणि तिचा एका अक्षराचा होकार. यातला कुठला शब्द सतरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही? मी दोघांना उभं करून हे मोठ्याने वाचायला लावते. पहिल्यांदा सपाट वाचतात. दुसऱ्यांदा आपोआप आवाज खाली जातो, कारण त्या तुटक वाक्यांत दुसरं काही करताच येत नाही.

सारांशात याचं काय उरतं? ‘खून केल्यावर मॅकबेथ घाबरतो.’ भीती कशी लिहिली जाते, हे त्यातून शिकता येत नाही.

जोनाथन स्विफ्टच्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’चं तर सारांशाने पुरतं मातेरं होतं. 1729 चा हा छोटा निबंध. आयर्लंडमधल्या दारिद्र्याची चिंता करणारा एक सभ्य गृहस्थ शांतपणे हिशेब मांडतो: गरिबांची एक लाख वीस हजार मुलं, त्यातली वीस हजार पैदाशीसाठी राखायची, उरलेली एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकायची. आकडे, फायदे, पाककृतीसुद्धा. हा माणूस काय बोलतोय, हे वाचणाऱ्याला वाचता वाचता स्वतःच उमगावं लागतं. आधीच सांगून टाकलं की निबंध संपला. सरकारी भाषेत क्रौर्य किती सहज मावतं, हे मतदानाच्या वयाला आलेल्या मुलांना कळायलाच हवं.

साम्राज्याच्या कौतुकाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. स्विफ्ट डब्लिनचा, आणि त्याच्या उपरोधाचा सगळा रोख आयर्लंडला पिळून काढणाऱ्यांवर आहे. भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणारा मेकॉलेचा 1835 चा खलिता आपल्याला आठवतो, तो राग रास्तच आहे. पण इंग्रजीतूनच इंग्लंडला जाब विचारला गेला, तेही या मुलांनी वाचू नये का? गुलामगिरीतून सुटलेल्या ओलाउडा इक्वियानोने 1789 मध्ये लंडनला आपलं आत्मकथन छापलं. बारावीच्या पुस्तकांची यादी अपुरी वाटत असेल तर त्याला घ्या. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

राहिला मुलांशी संबंधाचा प्रश्न. मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, म्हणजे जवळपास माझ्या वर्गातल्या मुलांएवढीच. पुस्तक 1818 मध्ये निनावी छापलं गेलं. त्यातला शास्त्रज्ञ व्हिक्टर एक जीव तयार करतो, त्याने डोळे उघडताच घाबरून पळ काढतो, आणि पुढे जे घडतं त्याची जबाबदारी टाळत राहतो. तो जीव स्वतःची बाजू मांडायला लागला की वर्गात भांडणं सुरू होतात: दोष कुणाचा, बनवणाऱ्याचा की बनलेल्याचा? यातली बरीच मुलं पुढच्या वर्षी कॉम्प्युटर सायन्सला जाणार आहेत. त्यांनी हा वाद आत्ताच घालावा. मेसेज पुढे ढकलणाऱ्या आईबाबांनीही घरी जेवताना मुलाला एवढं विचारून बघा, व्हिक्टरचं चुकलं कुठे?