दोन तारे देणाऱ्या ब्राइट विझर्डला

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जागा छान, कॉफी बरी, पण "जादूची शाळा सांगून सैन्यात भरती केलं", "एकाच रंगाची जादू देऊन बाकीची बंद ठेवली, ही जीएमची मनमानी" (जीएम म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर) आणि "मुद्दाम चार लोकांसमोर माझ्या कॅरेक्टरची फजिती केली", म्हणून दोन तारे आणि पैसे परत हवेत. कॉफीबद्दल आभार. बाकीच्याला सविस्तर उत्तर देतो, म्हणजे हा रिव्ह्यू वाचून येणाऱ्यांना आमच्याकडे काय खेळतात ते आधीच कळेल.

शनिवारी तुम्ही खेळलात तो वॉरहॅमर फँटसी रोलप्ले, २०१८ ची चौथी आवृत्ती: टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र चालवायचं, काय जमलं काय फसलं ते फासे ठरवतात. नाव नोंदवताना जो मेसेज जातो त्यात हे असतं. त्यातल्या एम्पायर नावाच्या माणसांच्या साम्राज्यात जादूची आठ कॉलेजं आहेत, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि जादूचा प्रवाह, म्हणजे 'वारा', वेगळा, आणि ती निघालीच मुळी युद्धामुळे. त्याआधी तिथे जादू करणं हा गुन्हा होता, सापडला की जाळायचे. मग त्यांच्या सनावळीप्रमाणे २३०१ ते २३०४ या काळात उत्तरेकडून केऑसच्या, म्हणजे तिथल्या सैतानी शक्तींच्या, फौजा आल्या. नुल्न शहराचा मॅग्नस सैन्य घेऊन थेट उत्तरेकडच्या किस्लेव्ह देशापर्यंत गेला, आणि त्याच्या मदतीला टेक्लिस, फिनरेर आणि यर्टल असे तीन एल्फ समुद्रापलीकडून आले. शत्रूची जादू थोपवायला तिघे कुठे पुरणार? मग टेक्लिसनं माणसांमधल्याच चोरून जादू करणाऱ्यांना हाताशी धरलं, जेमतेम शिकवलं आणि आघाडीवर उभं केलं. युद्ध जिंकलं, मॅग्नस सम्राट झाला, आणि त्यानं राजधानी आल्टडॉर्फमध्ये कॉलेजं काढायला परवानगी दिली.

म्हणजे व्यवहार असा ठरला: तुम्हाला जाळणार नाही, शिकवू, लायसन्स देऊ, पण बोलावणं आलं की लढायला जायचं. तुम्ही निवडलेल्या ब्राइट कॉलेजला तर हे सगळ्यात आधी लागू, कारण त्यांचा वारा अक्शी, म्हणजे आग. आग फेकणारा माणूस सेनापती मठात बसवून ठेवील होय? तुमच्या हातात जीएमनं हजर होण्याचा हुकूम ठेवला तो त्रास द्यायला नव्हता. तो कागद टाळून पळालात तर लायसन्स जाणार, आणि बिनलायसन्सच्या जादूगाराच्या मागे विच हंटर, म्हणजे जादूगारांना हुडकून मारणारे, लागणार. माझ्या मते या खेळातला सगळ्यात भारी पेच हाच आहे, आणि तो तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळाला.

खाणावळवाल्यानं खोली नाकारली, हाही राग दिसला. ब्राइट कॉलेजचा लाल झगा घालून गेलात की. त्याच्या पूर्वजांच्या काळात असल्या माणसाला चौकात जाळत होते आणि शेजारी सिग्मारचं, म्हणजे एम्पायरच्या देवाचं, देऊळ अजून आहे.

एकाच रंगाचं म्हणाल तर तो नियम जीएमचा नाही, टेक्लिसचा आहे. आठ वारे एकत्र पेलणं एल्फांना जमतं. माणसानं दोन वारे कालवायला घेतले की त्याचा 'धार' होतो, हे तिथलं काळ्या जादूचं नाव, आणि तिथून परत येणारे फार थोडे. तुम्ही लिहिलंत की मूळ गेममध्ये असं नव्हतं. १९८६ च्या पहिल्या पुस्तकाबद्दल म्हणत असाल तर बरोबर आहे, त्यात ही रंगांची कॉलेजं नाहीत. त्यात इल्युजनिस्ट, एलिमेंटलिस्ट, नेक्रोमान्सर असले प्रकार आहेत. ते पुस्तक आमच्या कपाटात आहे, इथे बसून बघायला केव्हाही मिळेल, फक्त बाहेर नेता येणार नाही.

आता फजितीचं. बीस्टमन, म्हणजे अर्धा पशू अर्धा माणूस, अंगावर धावून आला आणि तुम्ही बोल्ट हा मारा करणारा मंत्र टाकायचं ठरवलंत. तुमचं मंत्रभाषेचं कौशल्य ४५, शंभरातले फासे पडले ३३, म्हणजे कौशल्याच्या आत. एरवी हा बोल्ट सुटलाच नसता: त्याला चार यश लागतात, तुमचं एकच होतं (दहाच्या घरातले आकडे, चार वजा तीन). पण दोन्ही आकडे सारखे, म्हणून क्रिटिकल, म्हणून यश कमी असूनही मंत्र लागू झाला आणि बीस्टमन पेटला. तेव्हा टेबलावर सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच ओरडलात. त्याच क्रिटिकलची दुसरी बाजू म्हणजे मिसकास्ट, जादू उलटण्याचा परिणाम. तक्त्यावर तुम्ही स्वतः फासे टाकलेत आणि निकाल आला की अंगावरची प्रत्येक नाडी, बक्कल, पट्टा सुटणार. पुस्तकात छापलेलं वाचून दाखवण्यापलीकडे जीएमनं काहीही केलं नाही. मोठ्या मिसकास्टचा मेजर तक्ता निघाला असता तर आज तुम्ही वेगळ्याच कारणानं रिव्ह्यू लिहिला असता. पुढे इन्स्टिंक्टिव्ह डिक्शन नावाचं टॅलेंट मिळतं, ते घेतलं की क्रिटिकलवर हा मिसकास्ट होत नाही. तोवर पट्ट्याला गाठ मारून फिरा.

एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. चौथ्या आवृत्तीतलं चॅनेलिंग रटाळ आहे. जादूगार वारा गोळा करत बसतो, तोवर शेजारचा तलवारवाला दोनदा वार करून मोकळा होतो. ही तक्रार आमच्या टेबलावर जुने लोकही करतात, पण नियम छापणारे आम्ही नाही.

पैसे परत मिळणार नाहीत. पाच तास खेळलात, शेवटपर्यंत बसलात.

तुम्हाला शाळेचे दिवसच खेळायचे असतील तर तशी सोय आहे. या खेळात जादूगार विझर्ड्स अ‍ॅप्रेंटिसपासून सुरू करता येतो: गुरूची लाकडं फोडायची, चिल्लर मंत्र घोकायचे, लायसन्स अजून लांब. आणि लढाई नकोच असेल तर ग्रे कॉलेज बघा. त्यांचा वारा उल्गू, सावल्यांचा, आणि त्यांच्याकडून काम घेतात ते निरोप्याचं आणि हेरगिरीचं. अंबर कॉलेज मात्र सुचवत नाही. मला स्वतःला ते सगळ्यात आवडतं, पण त्यांचं आल्टडॉर्फ शहरात कॉलेजच नाही, डोंगरातल्या गुहेत राहतात, आणि तुम्हाला तर खोली न मिळाल्याचाच राग आला होता.

तुमची कॅरेक्टर शीट फाइलला लावून ठेवली आहे. पुढचं सेशन येत्या शनिवारी दुपारी चारला. लाल झगाच ठेवायचा की ग्रे घ्यायचा, ते गुरुवारपर्यंत कळवा. वेटिंगवर दोघं आहेत.