दोन पोरं बेकायदा, अडतीस कायदेशीर

रविवारी सकाळी सात वाजता तुळशीच्या कुंडीतून बिअरचा कॅन उपसून काढला आणि ठरवलं, आज लिहायचंच. कॅन कुंडीत उडून पडलेला नव्हता. कुणीतरी थांबून, वाकून, मातीत दाबून नीट उभा केला होता. अंगणात लाल प्लॅस्टिकचे कप 23. हो, मोजते मी आता. मागच्या रविवारी 17 होते, पण तेव्हा फुटबॉलची मॅच परगावी होती.

आमच्या शेजारी फ्रॅटर्निटीचं घर आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलेजच्या मुलांचा संघ, नावाला दोन-तीन ग्रीक अक्षरं, दर्शनी भागात पांढरे खांब, आत 38 पोरं. मुलींचं असलं की सोरोरिटी. अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या आमच्या गावाला युनिव्हर्सिटी म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे अशी घरं डझनावारी. 'घर घेताना दिसलं नाही का?' हा प्रश्न कृपया विचारू नका, सगळे विचारून झालेत. आम्ही घर जूनमध्ये पाहिलं. जूनमध्ये पोरं आपापल्या गावी असतात आणि ते घर एखाद्या रिकाम्या वाड्यासारखं गपगार असतं. पहिलाच ऑगस्ट उजाडला तेव्हा कळलं काय पदरात पडलंय ते.

पण खरं सांगू? आवाजाचं मला काही नाही. लक्ष्मी रोडवर वाढलेली बाई आहे मी, दहा दिवस ढोल-ताशा उशाशी घेऊन झोपलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आमच्या दारावर चिकटवलेल्या नारिंगी नोटिशीमुळे. आमच्या! त्यांच्या नव्हे!

झालं असं की ऑगस्टात महाराष्ट्रातून नवी मुलं एम.एस.ला येतात. लीज सुरू व्हायला दहा-बारा दिवस असतात, खिशात डॉलर मोजके, हॉटेल परवडत नाही. मग कुणाच्या तरी ओळखीने फोन येतो आणि आमच्या बेसमेंटात गाद्या पडतात. दर वर्षीचं आहे हे. यंदा तिघं होते, दोन सिन्नरचे, एक साताऱ्याचा. पैसे घेत नाही, भाजी चिरून घेते. मंगळवारी सकाळी अकराला झोनिंगचा, म्हणजे गावात कुठे कसलं घर चालेल ते बघणाऱ्या खात्याचा, इन्स्पेक्टर दारात. तक्रार आलीय म्हणे, या घरात परवानगीपेक्षा जास्त माणसं राहतात.

आमची गल्ली 'आर-१', म्हणजे एका घरात एक कुटुंब. आणि कुटुंब म्हणजे काय ते गावाच्या कोडात, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय: रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तक नातेवाईक, अधिक जास्तीत जास्त एक परका माणूस. इन्स्पेक्टरने विचारलं, ही मुलं तुमची कोण? म्हटलं, मला मावशी म्हणतात. तो खूश झाला, फॉर्मवर लिहायला लागला. मग थबकून म्हणाला, म्हणजे यांच्या आईच्या तुम्ही सख्ख्या बहीण? तेवढ्यात आमच्या सासूबाई मागून, 'अरे त्याला सांग, गावाकडचीच पोरं आहेत.' झालं. तीनपैकी दोन बेकायदा. कुठले दोन ते आम्ही ठरवायचं. नाहीतर रोजाचा दंड.

आणि तो हे सगळं लिहीत असताना त्याच्या खांद्यावरून मला शेजारच्या छपरावर सोफा दिसत होता. छपरावर! त्यावर दोघं पहुडलेले. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, त्यांच्याकडे परमिट आहे. सोफ्याचं नव्हे हो, राहण्याचं. सोफ्याचा नियमच आमच्या गावात नाही. कोलोरॅडोच्या बोल्डरने युनिव्हर्सिटी हिल भागात बाहेर गादीचं फर्निचर ठेवायलाच 2002 साली बंदी घातली, कारण दंगे करताना पोरं सोफे पेटवायची. आमचे बहुधा पहिला सोफा पेटायची वाट बघताहेत.

तर परमिटची गंमत ऐका. ते घर झोनिंगच्या आधीचं. 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली, त्यानंतर गावोगावी कुठल्या भागात काय चालेल याचे नकाशे रंगवले गेले, आमच्याही. रंग बदलला तरी आधीपासून चाललेला वापर चालू ठेवता येतो, याला इथे 'ग्रँडफादर' करणं म्हणतात. आजोबा सोडून गेलेत, नातवंडं धिंगाणा घालताहेत. अट एकच: वापर सलग बारा महिने बंद पडला तर हक्क गेला. तीन वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीने या फ्रॅटला कसल्याशा भानगडीवरून निलंबित केलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण घर त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या कॉर्पोरेशनच्या मालकीचं, आणि त्यात वकील भरपूर. त्यांनी 'देखभालीला' म्हणून चार पोरं आत ठेवली, व्हरांड्यातला दिवा रात्रंदिवस जळता ठेवला, आणि बारा महिने भरायच्या आत निलंबन उठलं. हे माजी विद्यार्थी स्वतः कुठे राहतात माहितीये? गेट असलेल्या कॉलन्यांत, जिथे गवत दोन इंच वाढलं तर पत्र येतं.

ही पळवाट बुजवता येत नाही असंही नाही. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनने कोडातच लिहिलं की युनिव्हर्सिटीची मान्यता असेल तरच ते फ्रॅटर्निटी हाउस. 2018 मध्ये तिथल्या एका फ्रॅटची मान्यता गेली, तरी दोघं जण घरात राहिले, शहराने नोटीस दिली, मालक कोर्टात गेला, आणि 2021 मध्ये इंडियानाच्या सुप्रीम कोर्टाने शहराची बाजू उचलून धरली. एक वाक्य होतं हो कोडात! आमच्या नगरपालिकेला दोन बैठकांत मी हे वाचून दाखवलंय. मान डोलावतात. (उलट बोल्डरमध्ये 2005 पासून मुलांच्या फ्रॅट्सनी युनिव्हर्सिटीपासूनच फारकत घेतलीय. तिथे असं वाक्य घातलं तर काय होईल हा प्रश्न आहेच, पण तो त्यांचा.)

आता चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणजे काय ते बघा. ही 'कुटुंब म्हणजे कोण'ची भानगड सुप्रीम कोर्टाने पक्की केली 1974 मध्ये. लाँग आयलंडवरचं बेल टेअर, 220 घरांचं, 700 वस्तीचं गाव. तिथे जवळच्या स्टोनी ब्रुक युनिव्हर्सिटीचे सहा विद्यार्थी एका भाड्याच्या घरात राहत होते. गावाचा नियम होता, नात्यातले नसतील तर फक्त दोघं. कोर्ट म्हणालं, नियम योग्य. न्यायमूर्ती डग्लस यांनी कारण काय दिलं? बोर्डिंग हाउस, फ्रॅटर्निटी हाउस वगैरेंमुळे शहरात त्रास होतो: माणसं वाढतात, गाड्या वाढतात, गोंगाट वाढतो. फ्रॅटर्निटी! नाव घेऊन! ज्यांच्या नावाने नियम टिकला ते शेजारी मजेत, आणि तो नियम फिरत फिरत माझ्या बेसमेंटात, भात लावणाऱ्या तीन पोरांपाशी. तीन वर्षांनी, 1977 मध्ये, ईस्ट क्लीव्हलँडच्या एका आजीच्या खटल्याचा निकाल लागला. तिला याच धर्तीच्या नियमाखाली दंड आणि पाच दिवसांची कैद झाली होती, कारण तिच्याकडचे दोन नातू सख्खे भाऊ नव्हते, चुलत होते. तिथे मात्र कोर्टाला लाज वाटली, नियम उडवला. पण तो नात्यातल्या माणसांपुरता. मावशी म्हणणाऱ्यांना त्यात जागा नाही. आयोवाने 2017 मध्ये नाती मोजणं बंद केलं, कोलोरॅडोने 2024 मध्ये. आमच्या राज्यात सगळे घोरताहेत.

आणि मोजणी तरी कशी! झोनिंगचं ऑफिस सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. शनिवारी रात्री शेजारी दोनशे माणूस असतं, ते कोण मोजणार? पोलीस येतात. आवाज खाली जातो. पोलीस जातात. आवाज वर येतो. पोलिसांना विचारलं तर म्हणतात, माणसं मोजणं झोनिंगचं काम. झोनिंगला विचारलं तर म्हणतात, आवाज पोलिसांचा. मंगळवारी अकरा वाजता मात्र 38 पोरं वर्गात किंवा अंथरुणात, आणि माझी तिघं बँकेत खातं उघडायची कागदपत्रं घेऊन जेवणाच्या टेबलावर. सापडली.

आमच्या गल्लीतल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. ते तक्रारीत सोरोरिटीलाही ओढतात. अहो, दोन चौक पलीकडे ते घर आहे, हाउस मदर, म्हणजे मुलींवर लक्ष ठेवणारी बाई, आहे, त्यांच्या राष्ट्रीय संस्थांच्या नियमाने तिथे दारूला बंदी, रात्री दहानंतर पाखरू फडफडत नाही. तरी कोडात दोघांना एकच व्याख्या. त्यात समोरचे गृहस्थ दर बैठकीत तोच किस्सा सांगतात, की एका घरात अमुक इतक्या बायका राहिल्या तर कायद्याने ते कुंटणखाना ठरतं. ही कॉलेजगावातली जुनी लोणकढी आहे, असा कायदा कुणाला सापडलेला नाही. पण त्यांच्या तीन मिनिटांतली दीड मिनिटं तो किस्साच खातो.

तीन मिनिटं म्हणजे सुनावणीत प्रत्येकाला बोलायला मिळतात तेवढी. कारण आता त्या फ्रॅटला मागे मजला चढवून आणखी 12 खाटा टाकायच्या आहेत. कोडाप्रमाणे दोन खाटांमागे एक पार्किंग हवं, ते त्यांना माफ करून हवंय. पहिल्या सुनावणीला त्यांचा वकील आला, निळा सूट, आवाजात मध. त्याला वेळेची मर्यादा नाही. तो म्हणाला, हे केवळ घर नाही, ही मुलं एकमेकांना भाऊ मानतात, एका चुलीवर जेवतात, हे एक कुटुंबच आहे. आणि सुनावणी घेणाऱ्या मंडळावरच्या एका बाई चक्क हळव्या झाल्या!

मी उठले. म्हटलं, मानलेली नाती चालतात का तुम्हाला? मग माझ्या घरचीही लिहून घ्या. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुमचा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

सासूबाई तेव्हापासून नोटीस फ्रिजवर लावून ठेवायला सांगतात, आल्यागेल्याला दाखवायला. साताऱ्याचा आता त्याच्या लीजच्या घरी गेलाय, पण शनिवारी येऊन कप उचलू लागतो. आणि कप वाढतच आहेत.

पुढची सुनावणी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता. आतापर्यंतचे सगळे कप मी गराजमध्ये काळ्या पिशव्यांत भरून ठेवलेत. तीन मिनिटं काही बोलणार नाही, टेबलावर ओतणार आहे. धुतलेले नाहीत.