पाव कुठे आहे यात?

सकाळी सव्वाआठ, फ्रान्सच्या नैर्ऋत्येतलं तुलूझ, बेकरीतली रांग. माझा नंबर आला आणि पुण्यात दोन वर्षं घोटलेल्या फ्रेंचमध्ये मी म्हणाले, "अँ पँ ओ शोकोला, सिल् वू प्ले." एक चॉकलेटचा पाव द्या, एवढंच.

काउंटरवरची मुलगी नुसती हसली. मागच्या आजोबांनी मात्र डोळे मिटून घेतले, कुणी गेल्याची बातमी कळावी तसे.

"मादाम, पँ म्हणजे पाव. बरोबर?"

बरोबर.

"मग यात पाव दाखवा." काचेपलीकडे पदर सुटलेलं, लोण्याने चकाकणारं ते चौकोनी प्रकरण. त्याच्या दोन्ही टोकांना चॉकलेटच्या काड्या डोकावत होत्या. "हे क्रोआसाँचं पीठ. पाव हा!" असं म्हणून त्यांनी काखेतला 'बागेत', म्हणजे काठीसारखा लांब पाव, माझ्या खांद्यावर टेकवला. काळ्या कोटावर पिठाचा पांढरा पट्टा. "आमच्याकडे शोकोलातीन म्हणतात. पॅरिसवाले काहीही म्हणतात."

रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. कुत्र्यानेही, असं मला वाटलं.

आता हा वाद काही आजोबांनी काढलेला नाही. 2018 साली नैर्ऋत्येकडच्या खासदारांनी 'शोकोलातीन'ची कड घेऊन थेट संसदेत दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. आणि भांडण कशावरून, तर 'व्हिएन्वाझरी'वरून! या जातीच्या सगळ्या पदार्थांचं कुलनामच मुळी व्हिएन्नाचं. 1830च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट त्सांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून या प्रकाराची चलती झाली. म्हणजे बारसं व्हिएन्नाच्या नावाने, आणि आत्या दोन!

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. आमच्या घरी आई 'डाळिंब्या' म्हणते, सासूबाई 'बिरडं' म्हणतात, आणि एकाच वालाच्या पातेल्यावरून दोघी अर्धा दिवस अबोला धरू शकतात. पण त्या कुणाच्या कोटाला पीठ लावत नाहीत.

खरं उत्तर सुचलं ते घरी, कोट झटकताना. आमचा पाव आला पोर्तुगीज 'पाँव'वरून. तो आणि यांचा 'पँ' एकाच लॅटिन 'पानिस'ची पोरं. "आजोबा, पाव मला शिकवू नका," एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा मी काय म्हणाले? "मेर्सी, मस्य."

तोवर शेवटची शोकोलातीन संपली होती. कोणी नेली ते सांगायला नको. आजोबांनी काउंटरवरच्या मुलीला हाक मारून मागितली होती.

मला मिळालं शोसाँ ओ पोम. शोसाँ म्हणजे घरात घालायची मऊ सपाता. सफरचंदाची सपाता. या नावाबद्दल रांगेत कुणाचीही तक्रार नव्हती.